उरलेले नऊ कागद

सोमवारी जॉईन होतेस ना, संचिता? वसईला? कागद, टेप, रबर, असलं सगळं तपासायचं काम म्हणे. चांगलं आहे. बस अशी टाकीच्या आडोशाला, गच्चीवरचा वारा कमी लागेल. साहिल, तो मोबाईल खाली ठेव आधी, भुतासारखा दिसतोयस त्या उजेडात. सांगायला अर्धा-पाऊण तास जाईल. मग जा जेवायला.

मी चाळीस वर्षं वायरमनचं काम केलं. विजेला मी भीत नाही, मान देतो. आणि भुताखेतांच्या गोष्टी मला आवडत नाहीत, हे तुमच्या वडलांना विचारा. आमच्या संगमेश्वरला म्हातारी माणसं अंगणात बसून रंगवून रंगवून सांगायची, तेव्हा मी उठून झोपायला जायचो. पण हे ज्याचं झालं तो समोर बी विंगमध्ये राहायचा. तुम्ही इथं यायच्या आधी. आत्माराम उतेकर. पोलादपूरकडचा. अठ्ठेचाळीस वर्षांचा, अंगानं सडपातळ, कपडे इस्त्रीचे. मला काका म्हणायचा. बायको सुरुची, मूलबाळ नाही.

इथून चालत दहा मिनिटांवर, गोडदेवच्या पलीकडे, त्या गाळ्यांच्या इस्टेटमध्ये एक छोटी टेस्टिंग लॅब होती. तिथं तो कागद तपासायचा.

हसू नकोस साहिल. तुझी बहीण आता तेच करणार आहे.

ट्रान्सफॉर्मरच्या आत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. थरावर थर. आणि प्रत्येक दोन थरांच्या मध्ये कागद. वाण्याच्या पिशवीसारखा, तपकिरी. या थरातली वीज त्या थरात उडी मारत नाही ती तेवढ्या कागदामुळं. दुसरं काही नाही मध्ये. तो कागद किती व्होल्टपर्यंत तग धरतो ते बघायचं, हे आत्मारामचं काम. न्हाणीघराएवढा जाळीचा पिंजरा होता. आत पितळेचे दोन ठोकळे, एक वर, एक खाली. त्यांच्या मध्ये तळहाताएवढा कागदाचा तुकडा ठेवायचा. बाहेर येऊन पिंजऱ्याचं दार लावायचं. दार लागल्याशिवाय करंट सुरूच होत नाही, तसा स्विच असतो दाराला. मग टेबलावरचं चाक हळूहळू फिरवायचं. मीटरचा काटा चढत जातो... आणि एका आकड्याला कागद हार खातो. टक्. बारीक ठिणगी उडते. कागदाला टाचणीएवढं भोक पडतं, कडेनं करपलेलं. आकडा वहीत लिहायचा, भोक पडलेला तुकडा पाकिटात ठेवायचा. एका रोलचे दहा तुकडे. दहा वेळा टक्. दहा आकडे.

“दहा कशाला पण, काका? एकाच रोलचा कागद सारखाच असणार ना?”

हां. सोमवारी तुला कोणी हे विचारलं तर काय सांगशील? कागद इथं चांगला असतो, आणि वीतभर पुढं त्यात धातूचा कण असतो. डोळ्यांना दिसत नाही. वीज मात्र बरोब्बर तिथनं जाते. म्हणून दहा जागी.

आत्मारामला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. सोळा वर्षं करत होता. हुशार माणूस.

तर चोवीस सालचा मार्च महिना. बावीस तारीख, शुक्रवार, दोन दिवसांवर होळी. आम्हा कोकणातल्या माणसांचं शिमग्याला काय होतं तुम्हाला माहितीये. दिवाळीला नाही गेलं तर चालतं, शिमग्याला पालखी घरी येते, तेव्हा दार बंद असून चालत नाही. संध्याकाळी पाचची गाडी होती आत्मारामची. आणि साडेतीनला लॅबच्या शेठनं एक रोल पुढ्यात टाकला. ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करणारा कोणी कारखानदार होता, त्याला रिपोर्ट त्याच दिवशी पाहिजे होता.

आत्मारामनं दहा तुकडे कापले. प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं रोल नंबर आणि तारीख घातली. पहिला ठेवला, चाक फिरवलं. साडेबाराशेला गेला. उत्तम. मग त्यानं घड्याळाकडं बघितलं. बाकीचे नऊ तुकडे तसेच, अख्खे, पाकिटात सरकवले. वहीत नऊ आकडे लिहिले. बाराशे तीस, बाराशे साठ, बाराशे चाळीस... खरे वाटतील असे थोडे मागेपुढे. खाली सही केली आणि गाडी पकडली.

चार दिवस पालखी नाचवली त्यानं. फोटो पाठवले होते मला.

तो कागद गेला एका ट्रान्सफॉर्मरमध्ये, आणि तो ट्रान्सफॉर्मर खाडीकडच्या एका बर्फाच्या कारखान्यात. ऑगस्टमध्ये नारळी पौर्णिमा झाली, होड्या समुद्रात गेल्या, बर्फाची मागणी वाढली. मशीनवर लोड आला. एका दुपारी ट्रान्सफॉर्मर फुटला. आत गरम तेल असतं. समोर मशीन चालवणारा माणूस उभा होता, मुर्ध्याचा काळूराम. चाळिशीचा. पूर्वी घरची भातशेती, मिठागरात हिस्सा, ते सगळं गेल्यावर ही नोकरी धरलेली. चार दिवस हॉस्पिटलात होता. पाचव्या दिवशी गेला.

पंधरा दिवसांनी त्याची बायको लॅबवर आली. रंभा तिचं नाव. मी तिथंच होतो. ट्यूबलाईटच्या पट्ट्या बदलायला बोलावलं होतं मला, शिडीवर होतो. तिच्या हातात रिपोर्टची झेरॉक्स. कोणी दिली देव जाणे. सरळ आत्मारामच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

“ही सही तुमची हाय?”

“हो. तुम्ही कोण?”

“मी काळूरामची बायको. मना लोकांनी सांगितलाय, हा कागद धा येला तपासतान. तुमी तपासला धा येला?”

आत्माराम बसूनच होता. म्हणाला, “बाई, लिहिलंय ना त्यात. दहा आकडे आहेत.”

“आकडे हायेत. मी इचारतंय, तुमी तपासला?”

“तपासला. दहाच्या दहा वेळा.” आवाज चढवला त्यानं. “ट्रान्सफॉर्मर फुटायला शंभर कारणं असतात. तुमच्या माणसानं काय केलं असेल काय माहीत. उगीच इथं येऊन तमाशा करू नका. वॉचमन! इनको बाहर छोडो.”

तिच्या डोळ्यात पाणी नव्हतं. तिनं झेरॉक्सची घडी घातली आणि एवढंच म्हणाली, “न्हाय तपासला तुमी.” मग वॉचमनच्या पुढं चालत गेली.

मी शिडीवरनं उतरलो. आत्मारामचे कान लाल झाले होते. मला तेव्हाच कळलं. तरी मी गप्प बसलो. तेही सांगतो तुम्हाला, मी गप्प बसलो.

नोव्हेंबरात पत्र आलं. काळूरामच्या अपघाताचे चौकशीवाले शुक्रवारी, पंधरा तारखेला, सकाळी अकराला येणार. त्या रोलचे तपासलेले तुकडे सील करून घेऊन जाणार. आता पाकिटात काय होतं? भोक पडलेला एक. आणि नऊ अख्खे.

गुरुवार, चौदा नोव्हेंबर. अमावस्या बिमावस्या काही नव्हती. दुसऱ्या दिवशी त्रिपुरी पौर्णिमा, चांगलं टिपूर चांदणं पडलेलं. रात्री साडेआठला आत्माराम मला गेटवर भेटला. हातात कापडी पिशवी.

“कुठं रे?”

“गाळ्यावर जाऊन येतो काका. ओव्हनमध्ये कागद वाळायला ठेवलाय काल रात्रीपासून. चोवीस तास होतायत नऊला, काढायला पाहिजे. हिनं कोथिंबीर पण सांगितलीये. तासाभरात आलो.”

शांतपणे बोलला. मी म्हटलं जा.

आता पुढचं त्यानं मला सांगितलं तसं सांगतो. एकदाच सांगितलं. मी पुन्हा विचारलं नाही.

इस्टेट आठला रिकामी होते. लेथवाले, बॉक्सवाले, सगळे गेलेले. वॉचमन पुढच्या गेटवर, यांचा गाळा पार मागे, खाडीच्या बाजूच्या भिंतीला लागून. आत्मारामनं शटर वर केलं, आत जाऊन गुडघ्यापर्यंत खाली ओढलं. ट्यूब लावली. पाकीट उघडून नऊ अख्खे तुकडे काढले आणि पिशवीत टाकले. वाटेत खाडीत सोडायचे होते. ओव्हनमध्ये वाळत ठेवलेला कागद दुसऱ्याच रोलचा होता, नवा, खणखणीत. त्याचे नऊ तुकडे करायचे, नऊ भोकं पाडायची, पेन्सिलीनं जुना नंबर आणि मार्चची तारीख घालायची, पाकिटात ठेवायचं. वहीतल्या आकड्यांशी जुळेल सगळं. अर्ध्या तासाचं काम.

पहिला तुकडा ठेवला. दार लावलं. चाक फिरवायला घेतलं. शंभर. दोनशे. तीनशे...

टक्.

तीनशेला? बाराशेच्या आत जायचाच नाही हा कागद. त्याला वाटलं ठोकळ्यावर कचरा असेल. आणि तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, “दोन.”

हळू आवाजात. कोणीतरी मोजायला बसलं असावं तसं.

त्यानं वाकून शटरखाली बघितलं. बाहेर चांदणं. कोणी नाही. “वॉचमन?” म्हणून हाक मारली.

पिंजऱ्यात गेला, तुकडा काढला, उजेडात धरला. भोक पडलं होतं. आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. रोल नंबर. बावीस मार्च.

नव्या तुकड्यांवर त्यानं अजून काहीच लिहिलं नव्हतं.

पिशवी उघडली. मोजले. आठ होते.

“चुकून घेतला असेल काका,” साहिल म्हणतोय. हो, त्यालाही तसंच वाटलं. माणसाला आधी असंच वाटतं. त्यानं पिशवीचे बंद बांधले, पिशवी खुर्चीला अडकवली. ओव्हनमधल्या कागदाचा तुकडा हातात घेतला, दोन्ही बाजूंनी बघितला, कोरा आहे याची खात्री केली, ठोकळ्यांच्या मध्ये ठेवला. दार लावून टेबलापाशी आला. चाकाला अजून हात लावला नव्हता.

काटा चढायला लागला.

त्याच्या डोळ्यांसमोर चाक फिरत होतं. सावकाश. तो स्वतः फिरवायचा तसंच, दमानं, मध्ये न थांबता.

टक्.

“तीन.”

आता आवाज बाहेरचा नव्हता. पिंजऱ्यातला होता.

आत्माराम घाबरट नव्हता. त्यानं काय करायला पाहिजे तेच केलं. भिंतीकडं धावला, मेन स्विच खाली ओढला. ट्यूब गेली. पंखा थांबत गेला. काळोख झाला. शटरच्या खाली तेवढी चांदण्याची पट्टी.

पण टेबलावर पिंजऱ्याचा लाल दिवा, आत करंट आहे हे दाखवणारा, चालूच होता.

त्यानं चाचपडत फ्यूज उपसून काढला. हातात घट्ट धरला. आता त्या खोलीत करंट यायला वाटच नव्हती. वायरमन म्हणून सांगतो, नव्हती.

दिवा तसाच.

टक्.

ठिणगी उडाली, निळी. डोळ्याचं पातं लवेपर्यंत पिंजरा आतनं उजळला. आत माणूस उभा होता. पाठमोरा.

“चार.”

शटरकडं जायचं तर पिंजऱ्यावरनं जावं लागणार. तो टेबलाच्या मागं सरकला. भिंतीला पाठ लावली. वास यायला लागला. कढत तेलाचा... आणि त्याच्याखाली दुसरा. तो मी सांगत नाही.

मग जवळून, अगदी जवळून, आवाज आला.

“लिव.”

समोर वही उघडी होती. त्यानं पेन उचललं. काळोखात काय लिहिलं ते त्याला दिसत नव्हतं. तीनशे, असं लिहिलं.

टक्.

ठिणगी. तो माणूस आता वळत होता.

“पाच. लिव.”

त्यानं लिहिलं.

टक्.

“सा.”

आता तोंड इकडं होतं. तोंड... आत्माराम मला म्हणाला, काका, पट्ट्या बांधलेल्या होत्या. हॉस्पिटलात बांधतात तशा. डोळे तेवढे उघडे होते. आणि त्या डोळ्यांत दया नव्हती. मी शोधली. नव्हती.

त्यानं हात जोडले. “काळूराम... चुकलो मी. एकच मारला होता. एकच. बाकीचे नऊ मी... गाडी होती माझी... माफ कर.”

गप्प.

सगळं गप्प. बाहेर कुत्रंसुद्धा नाही.

त्याला वाटलं, संपलं. कबूल केलं, संपलं.

टक्.

“सात. लिव.”

संपलं नव्हतं. माफीचा त्याला काही उपयोगच नव्हता. त्याला आकडे पाहिजे होते.

आठ झाले. प्रत्येक ठिणगीला तो माणूस जाळीच्या जवळ. मग जाळीला टेकलेला. मग... पिंजऱ्याचं दार वाजलं. दार उघडलं की करंट बंद होतो, मी सांगितलं तुम्हाला. दार उघडल्याचा आवाज आला. लाल दिवा जळतच राहिला.

टक्.

“नव.”

आता त्या निळ्या उजेडात पिंजरा रिकामा दिसला.

आत्मारामनं श्वास धरून ठेवला. कुठं गेला... कुठं... शटरची पट्टी दिसत होती. चांदणं दिसत होतं. चार पावलं. तो निघाला. एक. दोन. तिसऱ्या पावलाला त्याच्या पायाखाली लोखंडाचा उंबरा आला.

पिंजऱ्याचा उंबरा.

तो आत होता. मागं दार लागलं.

समोर कोणीतरी श्वास घेत होतं. त्याच्या उजव्या तळहाताला काहीतरी लागलं. कोरडं. गुळगुळीत. कागद. शेवटचा तुकडा. त्यानं हात मागं ओढला. हात येईना. कागदाच्या पलीकडनं कोणीतरी तळहात टेकवला होता. पुरता. बोटाला बोट लावून. आणि तो दाबत होता.

मध्ये तेवढा एक कागद.

तो तळहात तापत गेला. काटा चढत होता... आत्मारामला मीटर दिसत नव्हता, पण त्याला कळत होतं. शंभर... दोनशे...

“नको,” तो म्हणाला. “नको...”

...

“धा.”

थांबा. पाणी दे जरा, संचिता.

पावणेअकराला सुरुचीचा मला फोन आला. “काका, हे अजून नाही आले, फोन वाजतोय पण उचलत नाहीत.” मी स्कूटर काढली. वॉचमन गेटवर होता. “साहब अंदरच है, बत्ती बंद है, मुझे लगा सो गये,” म्हणाला. त्याला घेऊन मागं गेलो. शटर गुडघ्याएवढं उघडं. वाकून आत शिरलो, टॉर्च मारला.

आत्माराम पिंजऱ्यात उभा होता. दार बंद. डोळे उघडे, उजवा हात पुढं केलेला, तळहात समोर. हाक मारली तरी हलेना. डाव्या मुठीत फ्यूज. बोटं एकेक करून सोडवावी लागली मला. मेन स्विच खाली. मी स्वतः सगळं तपासलं, तीन-तीनदा. सप्लाय नव्हता. पाऊण एक तास तरी नव्हता, ओव्हन पार गार पडला होता.

आणि ठोकळ्यांच्या शेजारी एकावर एक रचून ठेवलेले नऊ तुकडे. प्रत्येकाला भोक, टाचणीएवढं, कडेनं करपलेलं. खुर्चीला अडकवलेली पिशवी बांधलेलीच होती. आत काही नव्हतं.

वही मी बघितली. जुन्या दहा आकड्यांच्या खाली ओळीनं नवे आकडे. वेडेवाकडे, पण अक्षर आत्मारामचं.

त्याला घरी आणलं. रात्रभर ताप. सुरुचीनं देवापुढं दिवा लावला, दृष्ट काढली, काय काय केलं. मी खुर्चीवर बसून होतो. सकाळी नऊला तो उठला, आंघोळ केली आणि म्हणाला, “काका, माझ्यासोबत चला.” अकराला चौकशीवाले आले. त्यानं त्यांच्यासमोर पाकीट ठेवलं, वही ठेवली आणि मार्चमध्ये काय केलं ते सगळं सांगितलं. रात्रीचं नाही सांगितलं. शेठ उभ्या उभ्या पांढरा पडला. आत्मारामची नोकरी त्याच दुपारी गेली. केस अजून चालू आहे, तारखा पडतायत. त्यानं एकदाही जबाब फिरवला नाही.

दोन दिवसांनी आम्ही मुर्ध्याला गेलो. रविवार होता. रंभा ओट्यावर बसून सुकी मासळी निवडत होती. आत्माराम खाली उभा राहिला, चपला काढून. म्हणाला, “ताई, तुम्ही म्हणालात ते खरं होतं. मी नव्हता तपासला. मी खोटं बोललो. तुम्हाला बाहेर काढलं मी...”

तिनं मान वर केली नाही. निवडत राहिली. तशीच म्हणाली, “मंग आता काय पायजे?”

“काही नको. सांगायला आलो.”

“सांगितलात नं? मंग जावा. माज्या दारान परत उबं राव नका.”

सूप उचललं, आत गेली. कडी लावल्याचा आवाज आला. आत्माराम चपला हातात घेऊनच रस्त्यापर्यंत चालत आला. मला वाटलं होतं ती रडेल, दोन शब्द बोलेल, याचं मन हलकं होईल. तसं काही झालं नाही. का व्हावं?

त्यानंतर तो इथं रमला नाही. नोकरी कोणी देईना. पंचवीसच्या मे महिन्यात गावी जायचं ठरलं त्यांचं. जायच्या आदल्या संध्याकाळी, पावणेआठ वाजले असतील, सगळ्या एरियाची लाईट गेली. केबल जळाली होती कुठंतरी. आपली बिल्डिंग, समोरची, रस्त्यावरचे खांब, सगळं काळं. लिफ्ट बंद. आत्माराम चार जिने चढून माझ्याकडं आला.

“काका, टेस्टर आहे का?”

वायरमनच्या घरी टेस्टर नसेल तर काय असेल. पण लाईट नसताना टेस्टर कशाला, मी विचारलं. तो माझ्यासमोर स्टुलावर बसला आणि उजवा हात पुढं केला. तळहात वर. डाग नाही, जखम नाही, काही नाही. साधा माणसाचा हात.

“सुरुची म्हणते हात लागला की झटका बसतो. तुम्ही बघा.”

“अरे वेड्या, थंडीत बसतो असा कधी कधी...”

“मे आहे काका,” तो म्हणाला. “लावून बघा.”

मी खिशातनं टेस्टर काढला. अंगठा टोपीवर धरला. त्याचं टोक आत्मारामच्या तळहाताच्या मधोमध टेकवलं.

टेस्टरमधला दिवा लागला.

लालसर, बारीक. मी टोक काढलं, विझला. पुन्हा टेकवलं, लागला. आत्माराम माझ्या तोंडाकडं बघत होता.

गॅलरीतनं गोडदेवपर्यंतचं दिसतं माझ्या घरातनं. सगळीकडं काळोख होता. तेवढा एकच दिवा जळत होता.